एनसी देऊन एनडी घ्यावी का? माझा अनुभव

माझ्याकडे माझदा एमएक्स-5 ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्‌स कार होती. तिसऱ्या पिढीतली, जिला सगळे एनसी म्हणतात ती. 2009 च्या फेसलिफ्टनंतरची (म्हणजे त्याच पिढीतल्या मधल्या सुधारणेनंतरची), 2.0 लिटर इंजिन, सहा गिअर, कापडी छत. गाडीबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. तरी रस्त्यात चौथ्या पिढीतली एनडी दिसली की मान वळायची आणि मग रात्री उशिरापर्यंत मी जाहिराती चाळत बसायचे. बदलायची की नाही, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळत होता.

वेगळीच कुठली तरी गाडी घ्यायची असेल तर ढोबळ तुलना चालून जाते. इथे दोन्ही गाड्या एकाच घरातल्या. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, माणसं दोन, छत उघडणारं. फरक बारीक असतात आणि त्या बारीक फरकांसाठीच वरून पैसे मोजायचे असतात. त्यामुळे घाई करायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

सुरुवात कागदावरून केली. एनसी 2005 मध्ये आली, एनडी 2015 मध्ये. नवी पिढी म्हटलं की गाडी लांब, रुंद, जड होणार, असा आपला अनुभव. एनडीत नेमकं उलटं झालंय. तिची लांबी 3,915 मिलिमीटर, म्हणजे 1989 च्या पहिल्या पिढीपेक्षाही कमी. वजन एनसीपेक्षा शंभरेक किलोंनी उतरवलंय; जपानमधलं 1.5 लिटरचं सगळ्यात हलकं मॉडेल तर 990 किलोंवर आणलं होतं. हे वजन एका जागेवरून काढलेलं नाही. पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची केली, आणि चाकाला पाच नट होते ते चार केले. ही शेवटची गोष्ट वाचून मला माझदाच्या इंजिनिअरांबद्दल फार प्रेम वाटलं. एकेक नटाचा हिशेब करणारी माणसं गाडी मनापासून बनवतात, असं माझं मत आहे. (याची दुसरी बाजू: एनसीची अलॉय व्हील्स एनडीला बसत नाहीत. मी हौसेने घेतलेला जास्तीचा सेट गाडीबरोबरच द्यावा लागणार होता.)

मग टेस्ट ड्राइव्ह. एनडी चालवली आणि परत आले ती निर्णय झाल्यासारखीच. गाडी वळणात नाक टाकायला अजिबात वेळ लावत नव्हती. ब्रेकवरून पाय काढताच पुढचं टोक हलकं होऊन आत शिरायचं. त्यानंतर माझी गाडी चालवली, तर ती सुस्त वाटली. खड्ड्यावरून जाताना मागून थड असा आवाज, स्टिअरिंग मध्यावर किंचित ढिलं.

माझा मेकॅनिक कमी बोलतो. त्याला सगळं सांगितलं, तर तो गाडीच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. या आकड्यांतले पहिले दोन म्हणजे आठवडा आणि नंतरचे दोन म्हणजे वर्ष. टायरची नक्षी छान शिल्लक होती, म्हणून माझं कधी तिकडे लक्ष गेलं नव्हतं, पण रबर कडक पडलेलं होतं. नखाने दाबलं तरी उमटत नव्हतं. "ताई, नव्या गाडीशी तुलना करायची तर हिला आधी बरी करा, मग दोघींना एका रस्त्यावर घ्या," एवढंच तो म्हणाला.

मला वाटतं या सगळ्या प्रवासातला हा सर्वांत मोलाचा सल्ला होता. वय झालेली गाडी आणि नवी कोरी गाडी यांची तुलना केली, तर आपण पिढ्यांची तुलना करत नसतो. झिजलेल्या रबराची आणि ताज्या रबराची करत असतो. रबर म्हणजे टायर तर आहेतच, शिवाय सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), इंजिनचे माउंट (इंजिन टेकतं ते रबरी आधार), शॉक ॲब्झॉर्बरचे वरचे माउंट. हे हळूहळू मरतात, रोज चालवणाऱ्याला कळतही नाही.

एनसीला आणि 2.0 लिटरच्या एनडीला टायरचा आकार एकच आहे, 205/45 आर 17. म्हणून मी एनडीवर होते त्याच मॉडेलचे टायर माझ्या गाडीला घातले. मागच्या सस्पेन्शनचे बुश आणि शॉक बदलले, गिअरबॉक्सचं आणि डिफरन्शियलचं तेल बदललं. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन नीट बसवणं. या गाड्यांत सस्पेन्शनची रचना पुढे डबल विशबोन आणि मागे मल्टिलिंक आहे, आणि चारही चाकांचे कॅम्बर (चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन) आणि टो (वरून पाहिलं तर चाकाचं पुढचं टोक आत की बाहेर वळलंय तो कोन) बसवता येतात. नुसती पुढची चाकं सरळ करून देणारं दुकान इथे कामाचं नाही. मागची चाकंही मशीनवर बघणारा माणूस हवा. मी शेजारी उभी राहून करून घेतलं. मागच्या डाव्या चाकाचा टो बराच बाहेर गेलेला होता, म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी सतत किंचित एका बाजूला ढकलली जात होती.

खर्च झाला. घरच्यांनी विचारलंही, की विकायची तर त्यात पैसे कशाला घालतेस. पण मला दोन्ही उत्तरं मान्य होती. ठेवली असती तर ही कामं करायचीच होती. विकली असती तर बिलं फाइलला लागणार होती, आणि घेणाऱ्याला धडधाकट गाडी मिळणार होती.

त्यानंतर ओळखीतल्या एका एनडी मालकाने मोठ्या मनाने गाडी दिली, आणि डोंगरातल्या एका रस्त्यावर दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्या. पहिल्या टेस्ट ड्राइव्हला जाणवलेला फरक निम्म्याहून अधिक गळून पडला. एनसी पुन्हा तरुण झाली होती. थड आवाज नाही, मध्यावरचा ढिलेपणा नाही. उरला तो खरा, पिढीचा फरक, आणि त्यातला सगळा एनडीच्या बाजूने नव्हता.

स्टिअरिंगचंच घ्या. एनसीचं हायड्रॉलिक, एनडीचं इलेक्ट्रिक. त्या रस्त्यावर एक लांब डावं वळण आहे, ज्याच्या मध्यावर डांबराचा जुना ठिगळ आहे. एनसीत त्या ठिगळावर पुढचं चाक चढलं की हाताला बारीक थरथर यायची, आणि उतरताना स्टिअरिंगचा भार क्षणभर कमी व्हायचा. चाकाखाली काय चाललंय ते तळहाताला कळायचं. एनडीचं स्टिअरिंग अचूक आहे, चपळ आहे, पण त्या ठिगळाबद्दल ते जवळजवळ काही बोललं नाही. बातमी सीटमधून आली, गाडीच्या कलण्यातून आली. एनडीचं सस्पेन्शन मऊ आहे, ती वळणात स्पष्ट कलते, आणि त्या कलण्यावरूनच पकड किती उरलीय याचा अंदाज घ्यायला शिकावं लागतं. काहींना ते कलणं खटकतं. मला आवडलं, कारण कमी वेगातही गाडी काही तरी करतेय असं वाटतं.

वजनाचा फरक मात्र टायर बदलून जात नाही. उतारावर वळणाआधी ब्रेक दाबला की तो सगळ्यात जास्त कळतो. एनडी लगेच सावरते आणि डाव्या वळणातून लागलीच उजव्यात जाताना मागचं टोक मागे रेंगाळत नाही. इथे माझी एनसी कितीही नीट केली तरी पोचणार नव्हती, आणि हे मला दर वळणाला जाणवत होतं.

गिअरच्या दांड्याची दोन्हींत मजा आहे. एनडीत सहावा गिअर थेट एकास एक आहे, ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा पुढचा शाफ्ट जास्त फिरवणारा गिअर) नाही, आणि दांडा मनगटाच्या नुसत्या हालचालीने पडतो. छत दोन्हींत मधल्या एका खटक्याने सुटतं आणि बसल्या जागेवरून मागे टाकता येतं. एनडीत डॅशबोर्डला ग्लव्हबॉक्स नाही. कागदपत्रं दोन सीटच्या मधल्या, मागच्या कप्प्यात ठेवायची. मला याची सवय व्हायला वेळ लागला. रोज एकच गाडी वापरणाऱ्याने कपहोल्डर, कप्पे, फोनची जागा हे सगळं बसून बघावं. टेस्ट ड्राइव्हच्या उत्साहात ते राहून जातं.

मन एनडीकडे झुकलं, पण मग कोणत्या वर्षाची हा प्रश्न आला, आणि माझ्या मते तो पिढीच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. सुरुवातीच्या एनडीचं 2.0 इंजिन 160 पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं माप) आणि 6,800 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, थांबणारं. माझी फेसलिफ्टवाली एनसी त्याहून वर फिरायची, आणि वरच्या टोकाला तिचा आवाज मला जास्त आवडायचा. त्या इंजिनासाठी बदल केला असता तर टॉर्क थोडा जास्त मिळाला असता, पण वर गेल्यावरची गंमत हरवली असती. 2018 मध्ये माझदाने हे इंजिन आतून बदललं. प्रत्येक पिस्टन 27 ग्रॅमने आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉड 41 ग्रॅमने हलका केला, थ्रॉटल मोठा केला, ताकद 184 पीएस झाली आणि लाल रेघ (इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा) 7,500 वर गेली. आणि माझ्यासाठी त्याहून महत्त्वाचं, स्टिअरिंग पुढे-मागे सरकवण्याची सोय आली. माझे पाय लांब आहेत. एनसीत आणि सुरुवातीच्या एनडीत स्टिअरिंग फक्त वर-खाली होतं, त्यामुळे सीट मागे घेतली की हात पूर्ण ताणले जायचे. 2018 नंतरच्या गाडीत पहिल्यांदा कोपर वाकवून नीट बसता आलं. शिवाय सुरुवातीच्या एनडीच्या गिअरबॉक्सबद्दल मालकांच्या तक्रारी होत्या आणि पुढच्या वर्षांत त्यात सुधारणा होत गेल्या, म्हणूनही नंतरची गाडी बरी. माझा निर्णय इथे झाला: 184 पीएसवाली मिळाली तर बदलायची, नाही तर एनसी ठेवायची. अधलंमधलं काही नको.

गाडी शोधताना पेंटची जाडी मोजायचं यंत्र घेऊन गेले. एनडीचं बॉनेट, डिकीचं झाकण आणि पुढची मडगार्डं ॲल्युमिनियमची असल्याने तिथे लोहचुंबक चिकटत नाही. यंत्र ॲल्युमिनियम वाचणारं हवं. इंजिन थंड असतानाच सुरू करून बघितलं, विकणाऱ्याने आधी गरम करून ठेवलेली गाडी नको म्हणून. स्कॅनर लावून नुसते एरर कोड न बघता, गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का तेही बघितलं. त्या अपूर्ण असतील तर कोणी तरी नुकतेच कोड पुसलेले असू शकतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये वर-खाली करताना कान देऊन ऐकलं. एका गाडीत हे सगळं ठीक होतं, पण सीटमागची कार्पेट ओली लागली. छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं. ती गाडी सोडली.

शेवटी डीलरकडे मनासारखी मिळाली. तिथे एक्स्चेंजचा व्यवहार सुरू झाला. आधी त्यांनी माझ्या एनसीला भरघोस भाव सांगितला आणि मी हरखले असते, पण घासाघीस एनडीच्या किमतीवर आली तेव्हा त्यांचा हात आखडला. म्हणून मी कागदावर एकच आकडा लिहिला: माझी गाडी देऊन वरून किती द्यायचे. जुनीचा भाव किती, नवीची सूट किती, यात शिरलेच नाही. त्याच वेळी एनसी थेट विकायची जाहिरातही दिली होती. मूळ एक्झॉस्ट आणि स्प्रिंग जपून ठेवले होते, ते परत बसवले. स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्याला कंपनीच्या अवस्थेतली गाडी जास्त भरवशाची वाटते. नळ्या साफ केल्या, बिलांची फाइल तारखांनुसार लावली. घेणारी एक तरुण मुलगी होती. तिने अलाइनमेंटचा कागद सगळ्यात जास्त वेळ वाचला, आणि तिथेच मला वाटलं गाडी हिलाच द्यावी. डीलरच्या भावापेक्षा जास्त मिळाले, जास्तीची चाकंही तिला दिली.

एनडी आता माझ्याकडे स्थिरावलीय. पहिलं काम म्हणून तिचीही चारही चाकांची अलाइनमेंट करून घेतली, पुढे कॅम्बर थोडा वाढवला, आणि वळणात शिरतानाचा तिचा मऊपणा बराच कमी झाला. कोरड्या रस्त्यावर मला एनसीची आठवण येत नाही. पावसात येते. ओल्या डांबरावर पुढच्या चाकांची पकड सुटायच्या आधी जी हलकी सूचना हाताला मिळायची, ती अजून इथे सापडलेली नाही, म्हणून पावसात मी पूर्वीपेक्षा हळू चालवते. 2024 च्या मॉडेलमध्ये माझदाने स्टिअरिंगच्या रॅकचं घर्षण कमी केलंय. ती माझ्या बजेटच्या बाहेर होती, म्हणून चालवून बघितली नाही. ज्यांचं बजेट तिथवर जातं आणि ज्यांच्याकडे सध्या एनसी आहे, त्यांनी ती ओल्या रस्त्यावर, स्वतःच्या नीट केलेल्या गाडीवरून उतरून लगेच चालवून बघावी.