माझा अनुभव: कम्युनिटी कॉलेजमधून इंजिनिअरिंगला ट्रान्सफर, आणि गणितात अडकलेले २३ दिवस

कॅलिफोर्नियात दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (स्थानिक, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) करायचं आणि मग युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जायचं, हा मार्ग चांगलाच आहे, मी तसंच करून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला मेकॅनिकलला आले. पण सगळी गाडी पहिल्या सेमिस्टरच्या गणितावर अडते हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

२०२२ मध्ये नाशिकला बारावी झाली आणि आई आणि मी बाबांकडे कॅलिफोर्नियात आलो. जवळचं कॉलेज लहान. लहान कॉलेजात शिक्षक नावानिशी ओळखतात, वर्गात मुलं कमी, पण इंजिनिअरिंगचे कोर्सेस वर्षातून एकदाच निघतात. आमच्याकडे फिजिक्सचा मेकॅनिक्स फक्त स्प्रिंगला, म्हणजे जानेवारीच्या सेमिस्टरला. त्याच्या आधी कॅल्क्युलसचा पहिला कोर्स झालेला हवा. मेकॅनिक्सनंतर फॉलला (ऑगस्टच्या सेमिस्टरला) इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम, मग तिसरा फिजिक्स, आणि मेकॅनिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा इंजिनिअरिंगचा कोर्स) पण नाही. म्हणजे पहिल्या फॉलला कॅल्क्युलस हुकलं की एक सेमिस्टर नाही, अख्खं वर्ष जातं.

कुठल्या गणितात बसवायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट नव्हतीच, ऑनलाइन प्रश्नावली भरायची होती. भारतातली शाळा टाकली की सिस्टीम तेव्हा सरळ प्रीकॅल्क्युलसला (कॅल्क्युलसच्या आधीच्या कोर्सला) बसवायची. मग प्रीरिक्विझिट चॅलेंजचा फॉर्म, म्हणजे आधीचा कोर्स न करता पुढच्यात बसू द्या असा अर्ज. तो मार्कशीट जोडून दिला आणि दहा दिवस रोज ईमेल बघत बसले. उत्तर आलं, नामंजूर. ऑफिसात गेले तर बाईंनी माझ्या मार्कशीटवर बोट ठेवलं, 'मॅथेमॅटिक्स अँड स्टॅटिस्टिक्स' मधल्या स्टॅटिस्टिक्सवर, आणि म्हणाल्या की तू स्टॅटिस्टिक्स केलंयस, त्यावर कॅल्क्युलस मिळत नाही. अहो, आपल्या बोर्डात विषयाचं नावच ते आहे! मी डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन सगळं करून आलेय हे परोपरीने सांगितलं, तर म्हणे लेखी आणा, आणि पुन्हा रांगेत पहिल्यापासून. अजून आठवलं की डोकं फिरतं. माणूस वाईट नव्हता कुणी, पण ज्याला आपला सिलॅबस माहीत नाही तो नुसत्या नावावरून माझं वर्ष ठरवत होता.

त्या रात्री बाबांनी बालभारतीच्या साइटवरून बारावीच्या गणिताचे भाग १ आणि भाग २, इंग्रजी माध्यमाचे, डाउनलोड केले. दोन्हींची अनुक्रमणिका प्रिंट केली, भाग २ मधले डिफरन्शिएशनपासून डिफरन्शियल इक्वेशनपर्यंतचे धडे गुलाबी हायलायटरने रंगवले, प्रत्येकातलं एकेक सोडवलेलं उदाहरण जोडलं. आणि यावेळी खिडकीवर न देता गणित विभागाच्या प्रमुखांच्या ऑफिस अवरला (विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळेत) गेले. त्यांनी पानं चाळली, एक इंटिग्रल दाखवून विचारलं हे कसं करशील, मी सांगितलं, सही झाली. पाच मिनिटं! एकूण २३ दिवसांनी. बाहेर येऊन बाबांना फोन केला तेव्हा रडायलाच आलं.

तोवर कॅल्क्युलसचा वर्ग भरलेला, मी वेटलिस्टवर सातवी. पहिल्या दिवशी तरीही जाऊन बसा, बरेच जण येत नाहीत, मलाही तशीच सरांनी ॲड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायचा कोड) दिला. म्हणून सांगते, चॅलेंजचा फॉर्म रजिस्ट्रेशन उघडायच्या आधी देऊन टाका आणि सिलॅबस पहिल्यांदाच जोडा.

बाकी सगळं सुरळीत झालं. असिस्टच्या साइटवर आपलं कॉलेज, युनिव्हर्सिटी आणि मेजर (मुख्य विषय) टाकलं की कुठला कोर्स कशाला चालतो ते दिसतं, काउन्सेलरकडे जाताना त्याचीच प्रिंट न्या. माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये जनरल एज्युकेशनचेच (सगळ्यांना लागणाऱ्या इतर विषयांचे) तीन कोर्स घातले होते, इंजिनिअरिंगला आधी गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, बाकीचं नंतर. टॅगचा (अटी पूर्ण केल्या तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसला प्रवेशाची हमी) अर्ज सप्टेंबरमध्येच असतो आणि एकाच कॅम्पसला करता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो टॅग देत नाहीत, आणि जे देतात तिथेही आपली ब्रांच त्यात आहे का ते वेगळं बघा. मेन अर्ज वेगळा भरावा लागतोच.

हो, आणि फिजिक्सची अख्खी मालिका एकाच कॉलेजात पूर्ण करा, मध्येच दुसऱ्या कॉलेजात उडी मारली तर विषयांची वाटणी जुळत नाही. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवा, मी पहिल्या दिवसापासून ठेवलेत.