दरबारात खुर्च्या नव्हत्या

नववीतली एक मुलगी इतिहासाच्या तासाला डुलकी घेते आणि डोळे उघडते ती थेट रायगडावर, ६ जून १६७४ रोजी, राज्याभिषेकाच्या दरबारात. आमच्या वेळच्या स्नेहसंमेलनातलं हे नाटुकलं. ती मुलगी मी. (फ्रॉक माझ्याच मापाचा होता, अभिनयाचा काही संबंध नाही.)

पहिल्या मसुद्यात ही बया महाराजांना विमानं, विजेचे दिवे असलं काय काय ऐकवत होती आणि दरबार टाळ्या पिटत होता. इतिहासाच्या सरांनी वाचलं, कागद बाजूला ठेवला. "राज्याभिषेक कुणाचा आहे? हिचा?" एवढंच म्हणाले. मग हेन्री ऑक्झेंडनची हकिकत घेऊन आले. इंग्रजांचा हा वकील त्या दिवशी दरबारात हजर होता आणि पाहिलेलं त्यानं लिहून ठेवलंय. बाहेरून आलेला माणूस कसा बघतो ते याच्याकडून उचला, असं सरांचं म्हणणं.

आणि काय बघितलंय त्यानं! सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाले. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन मस्तकं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, एका भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. महाराजांचं लक्ष जावं म्हणून दुभाषा नारायण शेणवी यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरली. दरवाजाशी हत्ती दिसले, तेव्हा एवढ्या अवघड वाटेनं हे वर आणले कसे, असा प्रश्न ऑक्झेंडनला पडला. तोच आम्ही माझ्या तोंडी घातला. सगळ्यात मोठा हशा त्यालाच.

अष्टप्रधानांसाठी आम्ही शिक्षकखोलीतून खुर्च्या आणल्या होत्या. पण ऑक्झेंडन सांगतो, सिंहासनाखालच्या चौथऱ्यावर संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण एवढेच बसलेले; बाकी सगळे, सेनाधिकारीसुद्धा, अदबीनं उभे. खुर्च्या परत गेल्या. हंबीरराव झालेला मुलगा प्रत्येक तालमीत कुरकुरायचा.

खरा वाद पेटला तो जिजाऊंच्या प्रवेशावरून. १७ जूनला पाचाडात त्या हे जग सोडून जाणार, हे त्या अख्ख्या दरबारात एकट्या माझ्या नायिकेला ठाऊक. तिनं सांगावं की नाही? वर्गात दोन तट पडले. सांगितलं तर निदान महाराज तेवढे दिवस आईजवळ बसतील, हे माझं म्हणणं. सर कुणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. शेवटी प्रवेश उरला तो एवढाच: मी पाया पडते, जिजाऊ विचारतात, "कुणाची गं तू?" आणि मी म्हणते, "इथलीच." प्रेक्षकांना तो आवडला. मला आजही पटलेला नाही. एवढं माहीत असलेली पोर इतकी गप्प बसेलच कशी?

यंदा महोत्सवात ते पुन्हा बसवणार आहेत म्हणे. हल्लीची मुलं नायिकेच्या हातात मोबाइल देतीलच. द्या, गडावर रेंज नसल्याचा विनोदही चालेल. हंबीररावांना मात्र बसू देऊ नका.