सहा हजार आठशे रुपये आणि आईचा अंगठा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी शिवारात शिरलं, तेव्हा आमचं सोयाबीन काढणीला आलं होतं. परंडा तालुक्यात नदीपासून दोन शेतं सोडून आमचं ८० आर (०.८ हेक्टर) रान आहे, आईच्या नावावर. पाणी ओसरलं तेव्हा शेंगांना झाडावरच मोड आले होते. मूठभर तोडून दाबल्या तर काळं पाणी गळायचं.

तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर आले. आत जायला वाटच नव्हती, त्यांना तरी काय म्हणायचं! मीच गुडघाभर चिखलात उतरलो आणि त्यांनी फोटो घेतला. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तरच सरकारी मदत, पण आमचं सगळंच गेलेलं, त्यामुळे पंचनाम्यात वाद नव्हता. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, म्हणजे आम्हाला ६,८००. बागायतीला १७,००० आहेत म्हटल्यावर शेजारचे अण्णा सातबारावर विहिरीची नोंद सापडते का बघत बसले होते.

खरी कसरत मदतीची यादी लागल्यावर सुरू झाली. ज्यांचा फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक होता, त्यांना केवायसी (ओळख पडताळणी) माफ होती. आईचा आयडी निघालाच नव्हता, कारण सातबारावर तिच्या नावाला ‘बाई’ जोडलेलं आणि आधारवर नुसतं नाव. मग यादीतला विशिष्ट क्रमांक कागदावर लिहून घेतला आणि तिला सेवा केंद्रात नेलं.

अंगठा उमटेना. जन्मभर खुरपं धरलेला हात, रेषा राहिल्यात कुठं? केंद्रातल्या पोरानं अंगठा ओल्या फडक्यानं पुसायला लावला, मग दुसरा, मग दहाही बोटं. मागं रांगेत वीसेक माणसं. आई खाली मान घालून म्हणाली, “चल घरी, नको ते पैसे.” दोन दिवसांनी परंड्याला डोळ्याचं मशिन असलेलं केंद्र सापडलं, तिथं मिनिटात काम झालं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एक खेप वाचली असती.

त्यानंतर पैशाची वाट बघणं. गावात एकेकाचे जमा व्हायला लागले, आमच्या पासबुकात काहीच नाही. मी तलाठ्याला चार ठिकाणी नावं ठेवली. एकदा तोंडावरच विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही पासबुक कुठलंही द्या, पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच जातात. ते कोणतं आहे, ते बघितलं का?”

नव्हतं बघितलं. आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग’ उघडलं, तर तिथं भलत्याच बँकेचं नाव. बचत गटात असताना आईनं कधीतरी उघडलेलं खातं, तिच्याही ध्यानात नव्हतं. तुमचं अजून आलं नसेल तर तलाठ्याकडे जायच्या आधी हे बघा. मी उगाच त्यांच्याशी वाकडं घेतलं.

जुनं पासबुक ट्रंकेतून काढून बँकेत गेलो. ६,८०० तीन आठवड्यांपूर्वीच येऊन पडले होते. रब्बीसाठी हेक्टरी १०,००० प्रमाणे मिळणारे ८,००० मात्र अजून यायचे होते. मी पैसे काढायची स्लिप भरली. साहेबांनी स्क्रीनवर बघितलं आणि म्हणाले, “खात्यावर बरीच वर्षं व्यवहार नाही. आधी केवायसी करावी लागेल.”

त्यांनी मशिन पुढं सरकवलं. आई पदराला अंगठा पुसायला लागली.