प्रोसेसर बदलायचा की नाही: एका क्रमांकासाठी झालेला मनस्ताप

माझा लॅपटॉप २०१३ सालचा असून त्यात इंटेलचा पेंटियम २०२०एम हा २.४ गिगाहर्ट्‌झचा, दोन कोअरचा (म्हणजे दोन गणनकेंद्रे असलेला) प्रोसेसर आहे. मराठी मजकुराचे संपादन करणे, जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने जोडून पीडीएफ तयार करणे आणि त्याच वेळी ब्राउझर उघडा ठेवणे, एवढेच माझे काम. परंतु गेली काही वर्षे तेवढ्यानेही तो धापा टाकू लागला होता. नवीन लॅपटॉप घेण्याऐवजी प्रोसेसरच बदलावा, असे मनात येण्यास सबळ कारण होते. त्या काळातल्या अनेक लॅपटॉपांत प्रोसेसर मदरबोर्डवर झाळून पक्का केलेला नसे, तर सॉकेटमध्ये बसवलेला असे, आणि इंटेलच्याच ‘कोअर’ या वरच्या मालिकेतला वापरलेला कोअर आय५-३२१०एम जुन्या बाजारात अगदी स्वस्तात मिळतो.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने तर माझा प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. “काका, सॉकेट तोच आहे, आरामात बसेल. इथेच चालू करून दाखवतो, मग पैसे द्या,” असे तो म्हणाला. सॉकेट तोच आहे, हे त्याचे म्हणणे खरेच होते. तथापि सॉकेट जुळणे आणि मदरबोर्डने तो प्रोसेसर स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचनात आलेले असल्यामुळे कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राकडून खात्री करून घ्यावी, असे मी ठरवले. माझ्या मनस्तापाची सुरुवात तिथूनच झाली.

मला हवे होते ते एवढेच: या मदरबोर्डवर कोणता चिपसेट (प्रोसेसरला इतर भागांशी जोडणारी चिप) आहे आणि त्यावर कोअर मालिकेचा प्रोसेसर चालतो का. फोनवर सांगण्यात आले की लॅपटॉप पाहिल्याशिवाय काहीही सांगता येणार नाही. केंद्रात गेलो, तर लॅपटॉप जमा केल्याशिवाय पाहता येत नाही, आणि तपासणीचे शुल्क आधी भरावे लागते. जमा करण्याच्या अर्जात ‘तक्रार’ असा रकाना होता. ‘चौकशी’ असा नव्हता. माझी काहीच तक्रार नाही, मला फक्त माहिती हवी आहे, असे मी परोपरीने सांगितले, तरी काउंटरवरच्या मुलाने “सर, काहीतरी लिहावंच लागतं,” असे म्हणत त्या रकान्यात ‘लॅपटॉप स्लो’ असे लिहून टाकले. त्या दोन शब्दांनी पुढचे सगळे ठरवले. माझा मूळ प्रश्न तिथेच संपला आणि एका संथ लॅपटॉपची दुरुस्ती सुरू झाली.

त्यानंतर दर फोनला नवीन माणूस आणि नवीन उत्तर. एकाने प्रोसेसर झाळलेला असल्याचे सांगितले, तर दुसऱ्याने तो सॉकेटमध्ये असला तरी बदलणे धोरणात बसत नसल्याचे सांगितले. तिसऱ्याने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि पार्ट नंबर विचारला. तो लॅपटॉपच्या तळाशी छापलेला असतो आणि लॅपटॉप तुमच्याच ताब्यात आहे, असे म्हटल्यावर त्याने फोन दुसरीकडे जोडून दिला आणि तो मध्येच तुटला. चिपसेटचा क्रमांक सांगा, एवढ्या विनंतीवर ‘ती माहिती आमच्या सिस्टीममध्ये येत नाही’ हे एकच उत्तर मात्र सर्वांनी एकमताने दिले. अखेरीस मदरबोर्ड बदलण्याचा अंदाजखर्च हाती आला, जो चांगल्या वापरलेल्या लॅपटॉपच्या किमतीहून अधिक होता. तो नाकारून लॅपटॉप परत घेतला, तेव्हा मोबाईलवर संदेश आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे.

घरी आल्यावर सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवला. त्यातील ‘सीपीयू’ या पानावर ‘पॅकेज’समोर ९८८बी सॉकेट दिसले, म्हणजे प्रोसेसर काढता येण्याजोगा होता, आणि ‘मेनबोर्ड’ या पानावर ‘साउथब्रिज’समोर (म्हणजेच चिपसेटसमोर) एचएम७० हा क्रमांक होता. उत्तर तिथे लिहिलेले होते. एचएम७० हा चिपसेट सेलेरॉन आणि पेंटियम या प्रोसेसरांपुरताच ठेवलेला आहे. त्यावर कोअर आय३ किंवा आय५ बसवला, तर लॅपटॉप सुरू होतो, विंडोज उघडते, सर्व काही सुरळीत वाटते, आणि साधारण ३० मिनिटांनी तो आपोआप बंद पडतो. दुकानात ‘चालू करून दाखवण्या’ला म्हणूनच अर्थ नसतो, इतका वेळ कोणता दुकानदार ग्राहकाला काउंटरपाशी उभा ठेवील?

संकेतस्थळावर मिळणाऱ्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये माझ्या मॉडेलसाठी दोन मदरबोर्ड दिलेले होते, एक एचएम७० चा आणि दुसरा एचएम७६ चा, ज्यावर कोअर मालिकेचे प्रोसेसरही चालतात. त्यामुळे त्याच नावाच्या लॅपटॉपमध्ये कोणी आय५ बसवून समाधानी असेल, तर तेही खोटे नसते. केवळ मॉडेलच्या नावावर विसंबू नये. ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘यू’ हे अक्षर असते, ते झाळलेलेच असतात. तिथे हा विचारच करू नये.

एचएम७६ असता, तर मी प्रोसेसर बदलला असता का? आय५-३२१०एम साठी नक्कीच नाही, कारण कोअर दोनच राहतात आणि हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर एकाच वेळी दोन कामे चालवणे) व टर्बो (गरजेनुसार वेग वाढवणे) यांच्यामुळे जो फरक पडतो, तो माझ्या कामात फारसा जाणवण्यासारखा नाही. चार कोअरचा आय७-३६३२क्यूएम माझ्या प्रोसेसरप्रमाणे ३५ वॉटचाच, म्हणजे साधारण तेवढाच तापणारा असल्यामुळे त्याचा मी विचार केला असता. आय७-३६३०क्यूएम मात्र ४५ वॉटचा असल्याने त्याला पंखा, उष्णता बाहेर नेणारा हीटसिंक आणि ६५ वॉटचा अडॅप्टर पुरतील की नाही, हे आधी पाहावे लागते. शिवाय पहिल्या फोनच्याही आधी मी टास्क मॅनेजर उघडून पाहिले होते, तेव्हा प्रोसेसर निम्मासुद्धा वापरात नव्हता आणि हार्ड डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकून होती.

त्यामुळे हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवण करणारी वेगवान डिस्क) बसवली आणि ४ जीबी रॅमची ८ जीबी केली. हे काम घरीच, फारसा वेळ न जाता झाले. रॅमच्या दोन्ही खाचांत सारख्या क्षमतेच्या पट्ट्या असल्या, तर अंगभूत ग्राफिक्सलाही त्याचा उपयोग होतो. पीडीएफ जोडताना अजूनही थोडे थांबावे लागते, पण लॅपटॉप सुरू होण्याची वाट पाहत बसण्याचे दिवस संपले.

विंडोज ११ मिळावी म्हणून प्रोसेसर बदलण्याचा कोणाचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. इंटेलच्या बाबतीत तिला, थोडे अपवाद सोडले तर, अधिकृतपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि या सॉकेटमध्ये तिसऱ्या पिढीच्या पुढचे काहीच बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली आहे आणि मराठी टंकलेखन तिच्यात उत्तम चालते. एक सांगायचे राहिले: एसएसडी घेतानाच एक यूएसबी केसिंगही घ्यावे, म्हणजे काढलेल्या हार्ड डिस्कवरच्या फायली आणता येतात आणि पुढे तीच डिस्क बॅकअपला वापरता येते.