दुधाळ ऑइलचा फोटो

कुपवाड एमआयडीसीत द्राक्षबागेत औषध फवारायचे ब्लोअर बनवणाऱ्या कंपनीत मी मार्केटिंग बघतो. पूर्वी मार्केटिंग म्हणजे तासगाव रोडच्या भिंती रंगवून घ्यायच्या, कृषी प्रदर्शनात स्टॉल लावायचा, डीलरांना कॅलेंडरं वाटायची. शेतकऱ्याशी बोलायचा तो डीलर, मशीन बिघडलं की जायचा तो फिटर. मग मशीनवर क्यूआर कोड आला, व्हॉट्सॲप नंबर आला, त्यावर आपोआप उत्तर देणारा बॉट बसवला, आणि शेतकरी थेट माझ्या स्क्रीनवर येऊ लागला. नंबर जाहिरातीचा म्हणून मार्केटिंगकडे, यापलीकडे कंपनीत कुणी विचारच केलेला नाही.

त्या दिवशी ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्यात होत्या आणि दोन दिवस पाऊस लागून राहिलेला. असं झालं की डाऊनीची, म्हणजे पानावर तेलकट डाग पाडणाऱ्या बुरशीरोगाची भीती, उघडीप मिळाली की फवारणी तेव्हाच लागते, उद्यावर टाकून चालत नाही. सकाळी लीड्स, म्हणजे नव्या गिऱ्हाईकांच्या चौकश्या, मोजायला चॅट उघडली तर मणेराजुरीच्या एकांचा आदल्या संध्याकाळचा मेसेज: 'पंप प्रेशर धरत नाही', सोबत फोटो. खाली बॉटचं उत्तर, 'आपण दाखवलेल्या रुचीबद्दल धन्यवाद', आणि किंमतपत्रक. त्यांनी लिहिलं, 'किंमत नको, माणूस पाठवा.' परत किंमतपत्रक.

फोटोत पंपाच्या कपातलं ऑइल दुधाळ झालेलं. डायफ्राम, म्हणजे पंपातला लवचिक पडदा, फाटला की औषधाचं पाणी ऑइलमध्ये शिरतं आणि त्याचा असा रंग होतो. मी सुरुवातीचे सहा महिने असेंब्लीत काढलेत म्हणून बघताक्षणी कळलं, आताच्या पोरांना डॅशबोर्ड येतो पण डायफ्राम कधी हातात घेतलेला नसतो, आणि यात चूक पोरांची नाही, त्यांना कुणी असेंब्लीत पाठवतच नाही. जुन्या चॅट चाळल्या तर असेच आणखी चार, सगळ्या मशीन एकाच महिन्यातल्या.

प्रॉडक्शनवाले म्हणाले, 'तू जाहिरात बघ, आमचं आम्ही बघतो.' मी आधी चालू जाहिरात बंद केली, कुणाला न विचारता. सेल्सच्या साहेबांचा फोन आला, टार्गेटचा महिना, बरंच बोलले. मग सरळ मालकांच्या टेबलावर मोबाईल ठेवला. त्यांनी स्टोअरमधनं त्याच लॉटचा डायफ्राम मागवला आणि बोटांनी दुमडला. घडीवर बारीक भेगा दिसल्या. त्यानंतर कुणी काही बोललं नाही, लॉट बाजूला काढला.

दुपारी फिटरला घेऊन मीच मणेराजुरीला गेलो. मेसेज पाठवणारे दादा शेजाऱ्याचा ब्लोअर मागून आणून फवारत होते. हात धुतले, पाणी दिलं आणि म्हणाले, 'काल रात्री मी नक्की कुणाशी बोलत होतो?' मला उत्तर देता आलं नाही.

आता बॉट पहिल्यांदा 'मशीन चालू आहे का बंद' एवढंच विचारतो, बंद म्हटलं की माझा फोन वाजतो. रिपोर्टात मात्र अजून लीड्सचाच कॉलम आहे.

आठवड्यानं दादांनी त्याच नंबरवर द्राक्षाच्या एका पानाचा फोटो पाठवला, वर तेलकट डाग. खाली काही लिहिलेलं नाही. तो डाग त्या एका रात्रीचा की आधीच्या पावसाचा, हे मला आजही ठरवता येत नाहीये.