विहिरीतल्या दगडाचं चुंबक: चौथा महिना

काळ्या दगडात गोठलेल्या चुंबकत्वाच्या दिशेवरून भारत कुठून सरकत आला, ते मी घरीच मोजून पाहतोय. गेल्या वेळी माळावरच्या सात दगडांचं मोजमाप दिलं होतं. सात दगड, सात दिशा. त्याचं कारण आता कळलंय: वीज. उघड्या माळावर वीज कोसळली की तिच्या प्रवाहाने बेसॉल्टमधलं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या पाषाणातलं, मूळ चुंबकत्व पुसलं जातं आणि नवंच बसतं. म्हणून माळ सोडला आणि अंबाजोगाई तालुक्यात मामांच्या विहिरीत उतरलो. या उन्हाळ्यात ती खोल केल्यामुळे तळाशी ताजा काळा पाषाण उघडा पडलाय.

दगड फोडण्याआधी त्यावर पाणसळीने आडवी रेघ मारली आणि सूर्याच्या सावलीवरून उत्तरेचा बाण काढला. होकायंत्र मुद्दाम वापरलं नाही, कारण भोवतालचा खडकच सुई ओढतो. मामा काठावरून ओरडले, "भाच्या, दगडाला टिकल्या कशाला लावायलास?" त्यांना सगळं नीट सांगितलं.

घरी यंत्र तेच: रेशमी धाग्याला टांगलेली चुंबकीय सुई, तिला आरशाचा तुकडा, त्यावर लेझर आणि तीन मीटरवर भिंत. दगड जवळ नेला की भिंतीवरचा ठिपका सात-आठ सेंटिमीटर सरकतो. मग दगड उलटा फिरवायचा. दगडात गोठलेलं चुंबकत्व त्याच्यासोबत फिरतं, पृथ्वीने आत्ता उसनं दिलेलं फिरत नाही. या फरकातूनच खरी दिशा मिळते.

तीनपैकी दोन दगडांचं उत्तर टोक दक्षिण-आग्नेयेकडे आणि खाली झुकलेलं निघालं. झुकाव 47 आणि 54 अंश. तिसरा जुळला नाही, तो बाजूला ठेवलाय. कोनात दहा अंशांपर्यंत चूक धरा.

लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजांनी पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली. ते क्षेत्र उलटं, म्हणजे आजच्या सुईचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळवेल असं, असताना टोक दक्षिणेकडे आणि खाली जात असेल, तर जागा विषुववृत्ताच्या दक्षिणेला. झुकावाचा टॅन म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट, या सूत्राने 28 आणि 35 अंश दक्षिण येतं. बरोबर दक्षिणेऐवजी आग्नेयेकडचा कल सांगतो की वर सरकताना भारत डावीकडे वळलासुद्धा.

1950च्या दशकात लंडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनच्या याच दगडांवरून भारत दक्षिणेकडून आल्याचं दाखवलं, तेव्हा भूखंड सरकतात हे बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य नव्हतं. ते मी वाचलं होतं. पण आपल्या भिंतीवर ठिपका सरकताना पाहिला, त्या रात्री झोप लागली नाही.

हिशेब करून पाहा. तीस अंश दक्षिणेपासून अंबाजोगाईपर्यंत साधारण 5400 किलोमीटर, हा लाव्हा थिजल्यापासूनच्या 6 कोटी 60 लाख वर्षांत. सरासरी वर्षाला आठ सेंटिमीटर. सुरुवातीला वेग पंधराच्याही वर होता; सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाशी टक्कर झाली, हिमालय उचलला जाऊ लागला आणि वेग पाचच्या आसपास उतरला. पण ढकलणं थांबलेलं नाही. त्या दाबाचा ताण इथल्या जुन्या खडकातही साठतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3:56 ला किल्लारीच्या भूकंपात तो मोकळा झाला. मामा त्या वेळी गोठ्यात झोपले होते, मी ठिपक्याबद्दल सांगत असताना त्यांनी मधेच विचारलं, "म्हणजे अजून सरकायलंय?" मी हो म्हणालो.

विहिरीत तळापासून चार मीटर वर वीतभर तांबडा पट्टा आहे. दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतीत वरचा थर कुजून झालेली माती ती. पुढच्या रविवारी पट्ट्याच्या वरचे तीन दगड काढणार. मामा दोर धरायला तयार आहेत.