गेली!

नाइटला आमच्या न्यूज साइटच्या डेस्कवर स्पोर्ट्सचं एकच माणूस असतं आणि २६ एप्रिल २०२५ च्या शनिवारी ते माणूस म्हणजे मी. ऑफिस लोअर परळला, घर डोंबिवलीला, त्यामुळे नाइट लागली की मी आधी ड्रॉपची गाडी कन्फर्म करते आणि मग पीसी चालू करते. त्या दिवशी काम तसं हलकंच होतं. आयपीएलची कोलकाता-पंजाब मॅच ईडन गार्डन्सवर पावसाने खाल्ली, पंजाबचे २०१, कोलकात्याची जेमतेम एक ओव्हर झाली आणि खलास, एकेक पॉइंट वाटून घेतला. रविवारी दुपारी वानखेडेवर मुंबई-लखनऊ होती, तिची कॉपी, म्हणजे बातमी, लावून टाकली. उरली स्पेनच्या कोपा देल रे या फुटबॉल कपची फायनल, बार्सिलोना विरुद्ध रेआल माद्रिद, सेव्हियात रात्री दहाला म्हणजे आपल्याकडे दीडला. (रेआल, रेयाल की रियाल हा वाद आमच्याकडे मी लागल्यापासून चालू आहे, ज्याची शिफ्ट त्याचं स्पेलिंग.)

सोबत एक ज्युनियर पोरगा, सोशल मीडिया बघतो, बार्साचा इतका कट्टर की त्या सीझनमधले आधीचे दोन निकाल, ऑक्टोबरमधला ४-० आणि जानेवारीत सुपर कपमधला ५-२, पाढे म्हणावे तसे म्हणत होता. व्हिडिओ एडिटर माद्रिदवाला, तो हेडफोन लावून गप्प.

मला खरं तर मॅचपेक्षा रेफरीचीच गोष्ट डोक्यात बसली होती. आदल्या दिवशीच्या प्रेस कॉन्फरन्समध्ये दे बुर्गोस बेंगोएचेआ हा माणूस रडला होता, का तर माद्रिदच्या क्लबच्या चॅनलवर रेफरींच्या चुकांचे व्हिडिओ चालवतात, आणि याच्या मुलाला शाळेत पोरं सांगतात तुझा बाप चोर आहे. त्यावरून माद्रिदने चिडून प्रेस कॉन्फरन्स, प्रॅक्टिस सगळं रद्द केलं, खेळणारच नाहीत अशी हवा झाली, मग रात्री उशिरा आम्ही खेळणार असं पत्रक काढलं. हे सगळं मी आदल्या नाइटला लिहिलं होतं तेव्हा बातम्यांच्या गर्दीत काही वाटलं नाही, पण फायनलला तोच माणूस शिट्टी घेऊन मैदानात आला तेव्हा म्हटलं, बाबा रे, आजची रात्र नीट जाऊ दे तुझी.

असो. नाइटवाले काय करतात, तर निकालाच्या कॉप्या आधीच शिजवून ठेवतात. एक माद्रिद जिंकल्याची, एक बार्सा जिंकल्याची, दोन्हीची पुश नोटिफिकेशनं ड्राफ्टमध्ये टाइप करून तयार, फक्त गोल कोणी मारला तेवढं भरायचं. कारण दुसऱ्या साइटची पुश आपल्याआधी गेली की सकाळच्या मीटिंगमध्ये स्क्रीनशॉट दाखवतात, "आपण तिसरे आलो", आणि हे ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल माझा हात एवढा का शिवशिवत होता.

पहिल्या हाफमध्ये बार्साच्या पेद्रीने २८ व्या मिनिटाला मारला, काय मारला, सुंदर. हाफटाइमनंतर माद्रिदचा एम्बापे आला आणि ७० व्या मिनिटाला फ्री किकवर १-१, सात मिनिटांत कॉर्नरवर चुआमेनीचं हेडर, माद्रिद २-१. एडिटरने हेडफोन काढले. मी माद्रिदचा ड्राफ्ट वर ओढला. तर ८४ व्या मिनिटाला यामालच्या लांब पासवर फेर्रान तोरेस माद्रिदचा गोलकीपर कुर्त्वाला चुकवून पुढे, २-२. ज्युनियर खुर्चीवर उभा.

आणि मग इंजुरी टाइमची सहा मिनिटं होत आली, राफिन्हा बॉक्समध्ये पडला, रेफरीने पेनल्टी दिली.

इथे एक सांगायला हवं. माझ्या लॅपटॉपची स्ट्रीम ज्युनियरच्या मोबाईलपेक्षा जवळजवळ अर्धा मिनिट मागे होती, त्यामुळे आमचं ठरलं होतं, तू फक्त ओरड, मी पाठवते. मी बार्साचा ड्राफ्ट उघडला, "बार्सिलोना चॅम्पियन! अखेरच्या क्षणी राफिन्हाच्या पेनल्टीवर माद्रिदला धक्का" एवढं भरलं आणि कर्सर बटणावर नेऊन बसले. माझ्या स्क्रीनवर रेफरी अजून कानाला हात लावून उभा. तेवढ्यात मागून ज्युनियर जिवाच्या आकांताने ओरडला, "गेलीऽऽऽ!"

मी बटण दाबलं.

गेली म्हणजे जाळ्यात गेली असं मला वाटलं. त्याला म्हणायचं होतं पेनल्टी गेली! व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघून तपासणाऱ्या रेफरींनी, मैदानातल्या रेफरीला स्क्रीनवर बोलावलं, त्याने बघितलं, पेनल्टी रद्द, वर राफिन्हालाच डाइव्ह मारली म्हणून यलो कार्ड. पुढच्या सेकंदाला डेस्कवरचे सगळे मोबाईल एकदम टेबलावर थरथरले, माझा, त्याचा, एडिटरचा, चार्जिंगला लावलेला ऑफिसचा टेस्टिंगचा फोन पण, आणि प्रत्येकावर मी लिहिलेलं ते वाक्य. पुश परत घेता येत नाही. आतली कॉपी बदलता येते, पण लोकांच्या स्क्रीनवर जे गेलं ते गेलं. ज्युनियर पांढराफटक, "ताई, मी रद्द झाली म्हणत होतो." एडिटर एवढंच म्हणाला, "मॅच चालू आहे ना अजून?"

फेसबुकवर तर जत्रा. कोणीतरी लिहिलं, "ताई झोपा आता." ती ताई आहे हे त्याला कसं कळलं देव जाणे. सरांचा फोन आला, आवाजात झोप, "मी उठून टीव्ही लावला तर हे अजून धावतायत." मी सॉरी म्हटलं, काय झालं ते सांगायला लागले तर म्हणाले आधी दुरुस्ती टाक. दुरुस्तीची पुश गेली. एक्स्ट्रा टाइमभर मी स्क्रीनकडे धड बघितलंच नाही, पोटात गोळा, मनात एकच, आता माद्रिद जिंकली तर तो स्क्रीनशॉट आयुष्यभर फिरणार.

११६ व्या मिनिटाला माद्रिदच्या मॉड्रिचचा पास बार्साच्या कुंडेने मधल्यामध्ये उचलला आणि बाहेरून जमिनीलगत असा हाणला की कुर्त्वा पोचलाच नाही. ३-२. या वेळी ज्युनियर ओरडला नाही. माझ्या खुर्चीजवळ आला, फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि हळूच म्हणाला, "ताई, गोल. बॉल जाळ्यात आहे. बघ." मी तरी पाठवलं नाही. शेवटी माद्रिदचा बाक उठून आला, रूडिगरने रेफरीच्या दिशेने काहीतरी भिरकावलं, रेड कार्ड निघाली (रूडिगरला पुढे सहा मॅचची बंदी बसली), हे सगळं होऊन खेळाडू मिठ्या मारायला लागल्यावर पाठवली. कितवी आले माहीत नाही, बघितलं नाही. बार्साचा हा ३२ वा कोपा, तेवढा आकडा मात्र दोनदा तपासला.

गंमत म्हणजे पहिल्या पुशमधलं "बार्सिलोना चॅम्पियन" आता खरं होतं. सर म्हणाले सुटलीस. मला काही सुटल्यासारखं वाटेना. माद्रिद जिंकली असती तर निदान सरळ शिव्या तरी खाल्ल्या असत्या, आता कॉमेंटमध्ये लोक विचारत होते की फिक्स होती का, तुम्हाला आधी कसं कळलं. त्या रेफरीला चोर म्हणणाऱ्यांच्या हातात मीच एक कागद नेऊन दिल्यासारखं झालं.

गाडी ऐरोलीच्या पुलावर होती तेव्हा बाबांचा फोन. आमच्याकडे पाणी साडेचारला येतं, ते पिंप भरायला उठतात आणि माझ्या साइटची सगळी नोटिफिकेशनं नेमाने वाचतात, फुटबॉल कळो न कळो.

"अगं, ते बार्सिलोना एका रात्रीत दोनदा जिंकलं का?"

म्हटलं, "हो बाबा. नळ बंद केलात का?"